सोळास एक

पेणजवळच्या माझ्या गावी, गडबला, पळायचं तर दोनच वाटा. हायवे नाहीतर खारबांध. पळस्पे ते इंदापूर हायवे रुंद करायचं काम २०११ मध्ये निघालं, ते वर्षानुवर्षं चाललंच. त्यात सर्व्हिस रोडचे सुटे तुकडे तेवढे पळणाऱ्याच्या पदरात पडले. एक तुकडा संपतो, मग खडी, मग पुन्हा तुकडा. बांध त्यापेक्षा बरा. माती मऊ, गुडघ्याला सोसते. उधाणाच्या दिवसांत मात्र तिथे पळू नये. बांध फुटून खांड जाईल म्हणून माणसं धास्तावून उघाडीच्या दारांपाशी उभी असतात आणि त्यांच्यासमोरून चड्डी-बनियनवर पळत जाणं बरं दिसत नाही. एक काका नेमाने हाक मारतात, "कोन लागलाय रं पाठी?" कोणी नाही म्हटलं तर त्यांचं समाधान होत नाही.

•

बांधावरून धरमतरच्या खाडीतल्या बार्ज दिसतात. डोलवीच्या कारखान्याचं लोखंडाचं खनिज मोठ्या जहाजांतून जयगडला येतं आणि तिथून लहान बोटींनी आमच्या खाडीत. आमच्याकडे डोंगर खणलेले दिसतात ते खडी-मुरुमासाठी. लोखंडाची खाण गडबच्या माणसाने पाहिलेली नसते. खनिज मात्र रोज दारावरून जातं. ते निघतं कुठून, तिथे पळता येतं का, असा साधा विचार होता. मित्राची बहीण गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोलीला दिलेली, त्यामुळे राहायची सोय होती. ही टिपणं त्या आणि नंतरच्या फेऱ्यांतली, लागतील तशी.

•

रस्ता एकच आहे, हे नकाशा बघितल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. माझ्या घरासमोरचा हायवे, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ नंबरचा, पनवेलहून निघून पेण, महाड, चिपळूण, सावंतवाडी करत पत्रादेवीला गोव्यात शिरतो. पत्रादेवी म्हणजे गाडीवाल्यांसाठी चेकनाका. बहुतेक जण तिथे एकाच कामाला थांबतात, आणि ते काम परतीच्या वाटेवर असतं.

नाक्यापाशी हुतात्मा स्मारक आहे.

•

आधी खाणींबद्दल. डिचोली, साखळी, पाळी, कुडणे, मये, शिरगाव. या पट्ट्यात टेकड्यांचे आकार चुकलेले आहेत. डोंगर असावा तिथे खड्डा, सपाटी असावी तिथे डोंगर. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती टाकून टाकून जे उभं राहतं त्याला डंप म्हणतात. डंपावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावलेली असते. लवकर वाढते, माती धरते. तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, पक्षीही कमी. वाळलेली पानं जाड आणि घसरडी, उतारावर जपून.

खड्ड्यात पाणी साठतं, पावसाळ्यानंतर हिरवंनिळं दिसतं. फोटो सुंदर येतात. काठ ढासळते असतात, म्हणून काठावर जायचं नाही. पिट भूजलाच्या पातळीखाली गेलेला, म्हणून चालू खाणीत पंप लावून पाणी उपसत राहावं लागतं. खाण बंद झाली की पंप बंद, आणि तळं भरतं.

•

खाणीतल्या रस्त्यांचा चढ कायद्याने ठरलेला आहे. धातूंच्या खाणींसाठी १९६१ ची नियमावली आहे. ट्रक चालतात त्या रस्त्याचा चढ सोळास एक, म्हणजे सोळा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, यापेक्षा उभा नसावा. छोट्या रॅम्पला दहास एक चालतो. भरलेल्या टिप्परचा ब्रेक आणि गिअर यांचा हिशोब करून हा आकडा आला. पळणाऱ्याला तो इतका सोयीचा पडावा हा योगायोग. सोळास एक चढावर श्वास फुलतो पण तुटत नाही. पोटरी ताणते पण धरत नाही. मैल-दीड मैल एकसारखा चढ, एकही वळण अचानक नाही, रुंदी अशी की दोन टिप्पर समोरासमोरून जावेत. पैसे भरून असा ट्रॅक मिळायचा नाही. बंद खाणीतही आत शिरायला परवानगी लागते. मी पळतो ते गावकऱ्यांच्या वापरातल्या कडेच्या रस्त्यांवर. चढ तिथेही तोच, कारण रस्ता केला तो ट्रकसाठीच.

धूळ. पांढरे मोजे घालू नयेत. पहिल्या धुण्यात पाणी लाल, तिसऱ्यात गुलाबी, पुढे मोजे कायमचे विटकरी.

•

साखळीला एका संपलेल्या खाणीची जमीन पुन्हा बसवून तिथे फुटबॉलची अकादमी काढली, १९९९ मध्ये. मुलं सराव करताना बघितली. मैदान हिरवं आहे. खणलेल्या जागेचं पुढे काय करायचं याची जी काही उत्तरं बघितली त्यांतलं हे मला बरं वाटलं, जरी सगळ्या पट्ट्याच्या मानाने जागा चिमूटभर.

•

पत्रादेवी, १५ ऑगस्ट १९५५. हे जरा सविस्तर लिहून ठेवतो, कारण घरी विचारलं तर कोणाला धड सांगता आलं नाही, मलाही आलं नव्हतं.

आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५४ ला, गोव्याच्याच माणसांच्या तीन तुकड्या हद्द ओलांडून पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात गेल्या. एकीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, तो दिवसभर टिकला. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. केशवराव जेधे, जयंतराव टिळक अशी मंडळी तिच्यात. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत गेली. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, सुटले १९५७ मध्ये. मग ऑगस्टात देशभरातून काही हजार माणसं सावंतवाडी-बांद्याला जमली. पावसाचे दिवस, हातात काठीसुद्धा नाही. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्या दिवशी वेगवेगळ्या नाक्यांवर वीसहून जास्त माणसं गेली. पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली तेव्हा पंजाबचे करनैलसिंग पुढे झाले आणि ते तिथेच पडले. सहोदराबाई वाचल्या, पुढे लोकसभेत निवडून गेल्या.

बांद्याहून पत्रादेवीपर्यंत मी पळत गेलो आहे. अंतर थोडंच, पण चढउतार आहेत आणि हायवेचा आवाज कानात बसतो. त्या दिवशी हा रस्ता ओल्या मातीचा असणार. सत्याग्रही पळत नव्हते, चालत होते. रांगेत, घोषणा देत. चालणाऱ्यावर नेम धरायला अवघड नसतं, हे तिथे उभं राहिल्यावर ध्यानात येतं.

•

आता खटकतं ते. त्याच वर्षांत गोव्याचं खनिज जोरात बाहेर जात होतं. भारत सरकारने नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, व्यापार थांबला. पोर्तुगीज राजवटीला पैसा हवा होता आणि युद्धानंतर सावरणाऱ्या जपानला पोलाद. १९०६ च्या कायद्याखाली खाणीचे हक्क कायमसाठी वाटले जात होते. डिचोलीचं खनिज मांडवीतून बार्जने मुरगावला आणि तिथून जपानला. पन्नासच्या दशकात निर्यात कित्येक पटींनी फुगली. हद्दीवर माणूस अडवला जात होता आणि नदीवर खनिजाला मोकळीक होती. दोन्ही घटनांमध्ये अंतर बघायचं तर एका सकाळच्या पळण्याइतकं.

स्मारकावर हे कोणी लिहिणार नाही, लिहावं असंही नाही. पण शाळेच्या पुस्तकात सत्याग्रहाचा धडा वेगळा आणि खनिजाचा धडा भूगोलात असतो. दोन्ही एकाच वहीत लिहिल्याशिवाय मला तरी पोर्तुगीज १९६१ पर्यंत कशाच्या जोरावर टिकून राहिले ते कळलं नसतं.

•

मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची. पोर्तुगीजांनी दिलेले कायमचे खाणहक्क संपवून त्यांचे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेने केला १९८७ मध्ये, आणि त्यात हे पट्टे गृहीत धरले २० डिसेंबर १९६१ पासून. दुसऱ्याच दिवसापासून! मधली पंचवीस वर्षं कागदावर मागून भरली. आमच्याकडे तलाठ्याने असा फेरफार केला तर गाव गोळा होईल.

पुढचं थोडक्यात: बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानेही. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी. ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून काम बंद. पहिल्या नूतनीकरणाची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती.

•

अस्नोडा. बाळा राया मापारी इथले. गोव्याचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचं नाव घेतात. पोलीस कोठडीतल्या छळाने फेब्रुवारी १९५५ मध्ये गेले, म्हणजे पत्रादेवीच्या आधी सहा महिने. गावात पाव चांगला मिळतो. पळून आल्यावर गरम पाव आणि पातळ भाजी, आणि हिशोब विचारू नये.

अस्नोड्याचा पूल १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पाचला पोर्तुगीजांनी मागे हटताना उडवला. डिचोलीचा आणि शापोऱ्याचाही. नंतरचे पूल त्याच नद्यांवर. पळताना पूल आला की मी कठड्याला हात लावून पुढे जातो. कारण काही नाही, सवय.

•

मये. तळं फार देखणं, बायका-मुलं सहलीला येतात, वाटेवर चणे-बोरं विकणारे. तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता सकाळी सातपर्यंत निवांत. पण गावाची गोष्ट वेगळीच. मयेची बहुतेक जमीन एका पोर्तुगीज सरदाराची. तो १९६१ मध्ये निघून गेला, आणि जमीन 'निर्वासितांची मालमत्ता' म्हणून सरकारी रखवालदाराच्या नावावर. पिढ्यान् पिढ्या त्या जमिनीवर राहणारी माणसं आपल्याच घराची मालक नव्हती. मयेला मुक्ती मिळालीच नाही असं गावातली माणसं म्हणत. त्यासाठीचा कायदा झाला २०१४ मध्ये, मग सनदा वाटणं सुरू.

तळ्याकाठी बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "कित्याक धांवता रे पुता?" हाच प्रश्न मला गडबला आणि इथे दोन भाषांत विचारला जातो. आजोबांना मी सांगितलं, साखर आहे. ते लगेच समजले.

•

शिरगाव. लईराईची जत्रा. धोंड व्रत धरतात, तळीवर नाहतात, हातात गोंडे लावलेला वेत, आणि पहाटे निखाऱ्यांतून अनवाणी पळत जातात. या पट्ट्यातली खरी धावण्याची परंपरा ही. आपण साठ-सत्तर मिनिटं पळून केळं खातो त्याचं कौतुक इथे सांगू नये. २०२५ च्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, ते वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. शिरगावच्या भोवती खाणीच खाणी. विहिरी आणि झरे आटल्याची गावकऱ्यांची तक्रार कोर्टापर्यंत गेली.

•

फौजी आंबवडे, महाड तालुका. गोव्याला जाता-येता हायवे सोडून एकदा आत जावं. आमच्याच रायगड जिल्ह्यातलं गाव, घरटी फौजी. पहिल्या महायुद्धात गावातून शंभरावर माणसं गेली, त्यांची आठवण गावात दगडावर आहे. कोकणात आणि देशावर अशा शिळा बऱ्याच गावांत दिसतात: या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. नावं नसतात, आकडे असतात. इंग्रजी अमदानीत एकाच साच्यातून काढल्यासारखा मजकूर. परक्या राजासाठी लढायला गेलेल्यांची शिळा आणि परक्या राजाविरुद्ध निःशस्त्र गेलेल्यांचं स्मारक एकाच हायवेवर, एका दिवसाच्या प्रवासात. दोन्हीकडे डोकं टेकवताना मला अडचण वाटत नाही. कोणाला वाटत असेल तर त्याचंही चूक म्हणणार नाही.

आंबवड्याची वाट पळायला कठीण. पायाखाली गोटे, चढ सोळास एकच्या कितीतरी पुढचा.

•

रेडी ते तेरेखोल. सगळ्यांत आवडती वाट. शिरोड्याला उतरायचं. १९३० च्या मे महिन्यात इथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि मिठागरं बघितली की पेणचा माणूस क्षणभर घरीच असतो. वि. स. खांडेकर याच गावात शाळामास्तर होते. शिरोड्याहून रेडी. रेडीच्या लोखंडाच्या खाणीत १९७६ मध्ये दोन हातांची गणपतीची मूर्ती सापडली, खाणीवरच्या एका ट्रक ड्रायव्हरला दृष्टान्त झाला म्हणतात. आता मोठं देऊळ आहे. आमच्या पेणला गणपती शाडूतून घडवून देशभर जातात, इथे जमिनीतून निघाला. देवळातल्या माणसाला मी पेणचा म्हटल्यावर प्रसाद जास्त मिळाला.

रेडीची माती डिचोलीपेक्षा काळपट. यशवंतगडाच्या बुरुजांवर वडाची मुळं उतरलेली. तिथून पुढे रस्ता समुद्र उजवीकडे ठेवून चढतो आणि अचानक गोव्याची पाटी. तेरेखोल नदीच्या अलीकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला, गोव्याचं एवढंसं टोक. किल्ला सावंतवाडीकर खेम सावंतांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. पुढे आत हॉटेल झालं, मधोमध चर्च आहे.

इथे १९५५ च्या सत्याग्रहात हिरवे गुरुजी गेले. पनवेलचे. हे नाव मला पनवेलला एस.टी. बदलताना पाटीवर अनेकदा दिसलं होतं आणि कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. शाळेतला मास्तर पनवेलहून, माझ्या घरावरून जाणाऱ्या याच रस्त्याने किंवा बोटीने, इथवर आला आणि या चढावर गोळी खाल्ली. किल्ल्यापर्यंतचा शेवटचा चढ चांगलाच उभा आहे. मी तो चालत चढलो.

खालून फेरी पलीकडे केरीला जाते. फेरीवर पळून आलेला घामेजला माणूस बघून मासेवाल्या बायका सरकून जागा देतात, ती आदराने नसते.

•

गोव्यात डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचा लिलाव सुरू झाला. बोली जिंकणाऱ्यांत डोलवीचा कारखाना चालवणारी कंपनीही आहे. २०२४ मध्ये डिचोली-मुळगावकडे काम पुन्हा सुरू झालं. गेल्या खेपेला मुळगावच्या बाजूला रस्त्यावर पाणी मारलेलं दिसलं. रस्त्यावर पाणी मारलं म्हणजे ट्रक येणार. मित्राच्या मेहुण्याकडे दोन टिप्पर आहेत, सहा वर्षं अंगणात उभे होते, टायर चिरले, हप्ते थकले. तो खूश आहे आणि त्याने खूश असायला हवं. त्याची आई पदराने तोंड झाकून विहिरीत डोकावते. एकाच घरातली ही दोन माणसं, आणि पाहुणा म्हणून मी दोघांच्या हातचा चहा पितो. माझी पळण्याची वाट गेली याला त्या घरात काही किंमत नाही, मीही बोललो नाही.

•

कामाची नोंद, कोणी गेलंच तर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे साडेपाच ते आठ. ट्रक सुरू असतील त्या रस्त्यावर अजिबात नाही, ड्रायव्हरला धुळीत माणूस दिसत नाही. पाणी सोबत, वाटेवरच्या ओहोळाचं पिऊ नये. कुत्री डंपावर नसतात, वाड्यांत असतात. स्मारकापाशी घड्याळ थांबवलं तरी चालतं, वेळेचा विक्रम करायला ही जागा नाही.

•

पुढच्या हिवाळ्यात दोडामार्ग ते बेती. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्यातल्या ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडच्या तीन तुकड्या उत्तरेकडून उतरल्या. त्यातली दुसरी पॅरा, मूळची मराठा पलटण, पूर्वेकडून फोंड्याच्या वाटेने गेली. पहिली पॅरा बाणस्तारीच्या अंगाने. दुसरी शीख लाइट इन्फंट्री सकाळी साडेसहाला हद्द ओलांडून थिवीमार्गे संध्याकाळी सव्वापाचला बेतीला पोचली, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी. मोडलेले पूल, सामान, वाटेत गोळीची धास्ती, आणि पावणेअकरा तास. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर. पुलांवरून आणि बिनओझ्याचं मला सहा तासांत जमावं. मित्राचा मेहुणा म्हणतो, टिप्पर मोकळा असेल त्या दिवशी पाणी घेऊन मागून येतो. बेतीला पोचलो तर फेरीने पणजी, नाहीतर त्याच्याच टिप्परमधून परत.